दुमडलेलं बोट

१

सकाळी नळाला पाणी आलं की वनमालाचं पहिलं काम पिंप भरणं नव्हे, नवऱ्याची, जयवंतची, मूठ उघडणं. पिंप काय, थोडं उशिरानं भरलं तरी चालतं. मूठ मात्र रात्रीतून अशी घट्ट मिटायची की नखं तळव्यात रुतायची. वाटीत खोबरेल कोमट करायचं, खाटेच्या कडेला टेकायचं आणि एकेक बोट सोडवायचं. करंगळी ऐकायची. मधली दोघं कुरकुरत का होईना, ऐकायची. अंगठ्याशेजारचं बोट मात्र मेलं हटायचं नाही. त्याला तिनं रोज शिव्या घातल्या, रोज चोळलं, आणि रोज ते होतं तिथंच परत गेलं.

दिवाळी उलटली आणि एका सकाळी दाढी करता करता जयवंतच्या हातून वस्तरा गळाला. पाठोपाठ तो स्वतः मोरीच्या कठड्यावर कोसळला. जीव वाचला, पाय सुधारला, जीभ सुधारली, हातसुद्धा मनगटापर्यंत परत आला; पण मूठ मिटली ती मिटलीच. अंधेरीला एका कारखान्यात तो लेथवर काम करायचा. तिथल्या साहेबानं भल्या माणसासारखं सांगितलं होतं, उन्हाळा सरेपर्यंत तुझी जागा ठेवतो, मूठ उघडली की ये. नाही उघडली तर काय, ते साहेब बोलला नाही आणि जयवंतनं विचारलं नाही. घरी आल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. वनमालाला हात लुळा पडल्याचं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे भिंतीकडे बघणं लागलं.

आता काशीराम. काशीराम म्हणजे शेजारच्या लेथवरचा जयवंतचा दोस्त, मनानं सोनं, पण आजाऱ्याला काय न्यावं याची अक्कल शून्य. लोक मोसंबी आणतात, हा गावाहून कलिंगडाचं बी घेऊन आला. "लाव रे मागं," म्हणाला, "हाताला चाळा होईल." वनमालाच्या कपाळावर आठी चढली होती. पण जयवंत उठून बसला आणि डाव्या हातानं पुडी उघडून बघायला लागला, तेव्हा तिनं आठी तशीच गिळली.

२

बोरीवलीला काजूपाड्यात त्यांची तळमजल्याची जागा. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, त्याला मोरी. मागचं दार उघडलं की कंपाउंडपर्यंत मातीचा एक पट्टा, घराच्या बाजूनं बाहेरच्या खोलीच्या खिडकीखालपर्यंत गेलेला, आणि कंपाउंडपलीकडे नॅशनल पार्कची झाडी. वनमालानं त्या पट्ट्यात अळू आणि कढीपत्ता सोडून काही लावलं नव्हतं. जयवंतनं डाव्या हातानं तिथं आळं केलं. तबेल्यातून शेणखत आणवलं, बी ओल्या फडक्यात बांधून पिंपाशेजारी ठेवलं, मोड आल्यावर पेरलं. वेल उगवला, सरपटला. तांबडे किडे आले तर चुलीतली राख हवी म्हणून त्यानं वनमालाला चाळीभर फिरवलं. गॅस आला घरोघर, राख कुठली? शेवटी इस्त्रीवाल्याकडून आणली. ती त्याच्यावर ओरडली आणि मनातून खूश झाली. माणूस हट्ट करायला लागला म्हणजे परत आला.

फुलं आली तशी पहाटे उठून तो नर फूल तोडायचा, पाकळ्या मागे मुडपायचा आणि मादी फुलात अलगद फिरवायचा. मादी फुलाच्या मागे बोराएवढं कलिंगड आधीच असतं, केसाळ, हिरवं. चार फुलं धरली. चारही बोरं फुगायला लागली.

वनमाला मालवणकडची. तिकडे कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवत नाहीत. दाखवलं की ते पिवळं पडून गळतं. दाखवायचंच तर बोट दुमडायचं आणि पेरानं दाखवायचं. चुकून सरळ गेलंच तर ते लगेच दातांखाली धरून चावायचं, म्हणजे दोष फिटतो. जयवंतला हे ठाऊक होतं. तो मूठ वर करून म्हणाला, "माझं तर बारा महिने दुमडलेलंच आहे गे. मला कसला दोष लागतोय?" आजारपणानंतर तो पहिल्यांदाच हसला, आणि वनमाला आत जाऊन मोरीत रडून घेऊन आली.

त्याच दुपारी वरच्या मजल्यावरच्या पद्मजाबाई आल्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण त्यांना माहीत असायचं. कुठंय, कुठंय कलिंगड, करत त्यांनी सगळा पट्टा पालथा घातला. दिसेना तेव्हा वनमालाच्या तोंडून "अहो, ते काय, पायाशी" निघालं आणि बोटही निघालं. सरळ.

ते दोघींनी पाहिलं. वनमालाला ती रीत आठवत होती, बोट ओठांपर्यंत गेलंही होतं. पण पद्मजाबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं, आणि शिकलेल्या बाईसमोर बोट चावत उभं राहायची तिला लाज वाटली. तिनं पदराला हात पुसला आणि चहा ठेवायला आत गेली.

३

रात्रभर तिला चैन पडली नाही. फळ गळलं असेल तर जयवंतला काय सांगायचं? सकाळी तेल चोळायच्या आधीच ती मागं गेली.

तिनं बोट दाखवलेलं कलिंगड जागेवर होतं. टवटवीत, आदल्या दिवशीपेक्षा बऱ्यापैकी मोठं. उरलेली तिन्ही, जी तिनं दाखवली नव्हती, कुणीच दाखवली नव्हती, ती पिवळी पडून मातीत गळली होती.

तिला आधी हायसं वाटलं. मग नाही वाटलं. उलटं कसं झालं हे तिच्या डोक्यातून जाईना. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ती तेच घोळवत राहिली. जयवंतनं मनाला लावून घेतलं नाही. वेल सगळी ताकद एकाच फळाला देतो म्हणाला, चांगलंच झालं. पद्मजाबाईंनीही जिन्यातून उतरता उतरता तेच सांगितलं, जरा मोठ्या शब्दांत. दोन शहाणी माणसं एकच सांगत होती. वनमालानं मान डोलावली आणि गळलेली बोरं उचलून कंपाउंडपलीकडे भिरकावली.

त्या आठवड्यातच वेलाचा शेंडा वळला. इतके दिवस तो कंपाउंडकडे, उन्हाकडे चालला होता. एका सकाळी पाणी घालताना तिनं पाहिलं, तर तो काटकोनात फिरून घराकडे निघाला होता. तिनं उचलून परत कंपाउंडकडे केला, वर अर्धी वीट ठेवली. दुसऱ्या दिवशी वीट तिथंच होती आणि शेंडा घराकडे होता, आणखी वीतभर पुढे. पद्मजाबाई म्हणाल्या, भिंत तापते ना, त्या उबेला येतो. वनमालाला पटलं. भिंत तापत होती हे खरंच.

आणि त्याच सकाळी, तेल लावताना, ते हट्टी बोट हललं.

जरासंच, नखाएवढं. पण तिनं न ओढता, आपलं आपण. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वनमालानं तेलकट हातांनीच त्याचं तोंड कुरवाळलं आणि देवाला साखर ठेवायला धावली.

४

तिथून पुढं दोन गोष्टी बरोबरीनं चालल्या. वेल घराकडे यायचा आणि बोट उघडायचं. एखाद्या दिवशी शेंडा जागचा हलला नाही तर बोटही हलायचं नाही. हे जयवंतच्या आधी लक्षात आलं. तो मजेत सांगायचा, काशीराम आला की त्यालाही सांगायचा. वनमाला ऐकायची आणि विषय बदलायची.

वैशाख तापला तसा शेंडा भिंत चढून बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी आला. वेलाला तणावे असतात, कुरळे हिरवे दोरे. मिळेल त्याला विळखा घालून ते वेलाला धरतात. खिडकीला गज होते. हाताशी असलेले गज. एकाही तणाव्यानं गजाला हात लावला नाही. शेंडा दोन गजांच्या मधून आत आला आणि आधाराशिवाय, अधांतरी, सरळ उभा राहिला. कलिंगडाचा वेल असा राहत नाही. त्याचं स्वतःचं वजन त्याला पेलत नाही. हा राहिला, आणि त्याचं टोक खाटेच्या दिशेला होतं.

वनमाला दारात तांब्या घेऊन उभी होती. खोलीत आवाज म्हणून नव्हता, फक्त मोरीतला नळ ठिबकत होता. खाटेवर जयवंत झोपला होता, तोंड उघडं, निवांत. आपण फळाकडे बोट दाखवलं, आणि आता ते कुणाकडे दाखवतंय?

तिनं विळी आणली. पण पातं वेलाला लावायच्या आधी जयवंत जागा झाला.

"काय करतेस?"

"कापते. घरात शिरलाय मेला."

त्यानं उजवा हात वर केला. अंगठ्याशेजारचं बोट अर्ध्याहून जास्त उघडलं होतं.

"कापू नकोस," तो म्हणाला. "उन्हाळा सरत आलाय, वनमाला. थोडं राहिलंय."

त्याच्या आवाजात जी काकुळत होती ती तिनं लग्नानंतर कधी ऐकली नव्हती. तिनं विळी मिटून ठेवली. मग बाकी काही सुचेना म्हणून त्याची खाट ओढत ओढत स्वयंपाकघरात नेली, ओट्याला लागून, जिथं खिडकीतून काही दिसत नाही अशा कोपऱ्यात. इथं वारा येत नाही, तो कुरकुरला. तिनं पुठ्ठ्यानं वारा घातला. रात्री नेहमीसारखी त्याच्या खाटेला लागून खाली चटई टाकून झोपली. आजारपणापासून ती त्याला सोडून कुठं झोपलीच नव्हती. तो हलला की तिला जाग यायची.

सकाळी शेंडा खोलीच्या मधोमध होता आणि त्याचं टोक स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं.

५

पद्मजाबाईंना तिनं मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं. स्वयंपाकघरात गॅस जळतो, उजेड असतो, म्हणाल्या. मग वेलाऐवजी वनमालाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही किती वाळलात हो ताई. काही खाता की नाही?"

खात होती की. पण अंगी लागत नव्हतं. बांगड्या मनगटावरून घसरून कोपरापर्यंत जायच्या. लुगड्याला एक निरी जास्त पडायला लागली होती. सकाळी उठताना अंगात काही उरलं नसल्यासारखं वाटायचं. माणसाचं आजारपण काढायचं, घर बघायचं, पिंप भरायचं, होणारच, ती स्वतःला समजवायची. तिकडे जयवंतच्या गालांवर रंग चढला होता. तो दिसला की तिला स्वतःचं काही वाटेनासं व्हायचं.

एकदा दुपारी तिनं परीक्षा घेतली. पद्मजाबाईंच्या टीव्हीवर मॅच होती, जयवंतला तिनं हट्टानं वर धाडलं. आता घरात तो नाही. आता बघू कुठं दाखवतोस. ती ओट्याशी भाकऱ्या थापत उभी राहिली, पाठ दाराकडे. काहीच आवाज नव्हता. परातीवरची तिच्याच हाताची थाप, वरून मध्येच टाळ्या. भाकरी तव्यावर टाकली आणि मागे वळून पाहिलं.

टोक दारातून आत होतं. खाटेकडे नव्हतं. ओट्याकडे होतं.

खाट ओट्याला लागूनच तर आहे, तिनं स्वतःला सांगितलं. आताआतापर्यंत तो तिथंच पडला होता. अंथरूण अजून गरम असेल. ती मोरीत गेली, तोंडावर पाणी मारलं, तिथंच उभी राहिली. मोरीतून वेल दिसत नव्हता. भाकरी करपल्याचा वास आला तरी तिला बाहेर यावंसं वाटेना. शेवटी भाकरीसाठी आली, तर शेंडा मोरीच्या पडद्याकडे तोंड करून होता. हलताना तिनं तो पाहिला नाही. तसा तो कधीच हलताना दिसला नाही.

संध्याकाळी जयवंत उतरला. भारत हरला, पण तो खूश होता. वर सगळ्यांसमोर त्यानं उजव्या हातानं कपबशी धरली होती. तिनं दुपारचं काही सांगितलं नाही. जेवणं झाल्यावर चटई उचलून ती बाहेरच्या खोलीत झोपायला गेली, एकटी. उकडतं आत, म्हणाली. हा तिचा पक्का निर्णय होता, आणि कशासाठी ते तिनं स्वतःलाही नीट उलगडून सांगितलं नाही.

सकाळी जाग आली तेव्हा कपाळाला काहीतरी थंड, केसाळ टेकलं होतं. ती तशीच पडून राहिली. आतून जयवंतची हाक आली, आनंदानं फुटलेली. सगळी बोटं उघडली होती. सगळी.

६

काशीराम रविवारी सकाळी आला. साहेबानं पाठवलं होतं, हात बघून ये म्हणून. सोमवारपासून दुसरा माणूस लेथवर घ्यायचा की नाही, ते आज ठरणार होतं. वनमालानं नवं पातळ नेसलं, ते खांद्यावर ठरेना म्हणून पिन लावली. जयवंतनं दोस्ताला थेट मागं नेलं. कलिंगड पेंढ्यावर बसलं होतं, दोन हातांत न मावणारं. देठाजवळचा तणावा वाळून तपकिरी झाला होता, म्हणजे फळ तयार. जयवंतनं उजव्या हातानं टिचकी मारली, बद्द आवाज आला. काशीराम खूश.

"हात दाखव," तो म्हणाला. जयवंतनं त्याचा हात धरून असा दाबला की काशीराम ओरडला. "झकास रे! हँडल आरामात फिरवशील. उद्या ये कामावर. मी सांगतो साहेबाला."

वनमाला मागच्या दाराशी उभी होती, हातात सुरी आणि ताट. उद्या ये, हे शब्द तिच्या कानांत शिरले आणि तिचे डोळे भरून आले. सगळं मिळालं होतं. याच्यासाठीच तर सगळं. ती आत सुपारी आणायला वळली आणि सहज बाहेरच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं.

वेल खाली पडला होता. शेंडा गजांत लोंबत होता, पानं मऊ पडलेली, आणि तणाव्यांनी गजांना गच्च विळखे घातले होते. कुठल्याही कलिंगडाचा वेल असतो तसा. तो कुणाकडेच बघत नव्हता.

तिनं सोडलेला श्वास पूर्ण बाहेरही पडला नव्हता.

"अरे, मी काय केलंय?" जयवंत काशीरामला सांगत होता. "सगळं हिनं केलं. ह्या माणसानं."

आणि त्यानं हात उचलून तिच्याकडे बोट दाखवलं. सरळ, उजव्या हाताचं, ते हट्टी बोट.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आला. "बोट दुमडा."

तो हसला. लग्नापासूनच्या सवयीनं ऐकायचं म्हणून दुमडायला गेला. बाकीची बोटं मिटली. ते मिटलं नाही. त्यानं पुन्हा जोर लावला, डाव्या हातानं दाबून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच अडकलं.

"दुमडत नाहीये गे."

"कशाला दुमडतोस?" काशीराम म्हणाला. "एवढ्या मिनतवारीनं उघडलंय, राहू दे की उघडं." आणि तो कारखान्याचं सांगायला लागला, नवीन ऑर्डर, नवीन फोरमन. जयवंतचं लक्ष तिकडे गेलं. तो मान डोलवत होता, मध्येच हसत होता. हात मात्र त्यानं खाली घेतला नाही.

वनमाला दाराच्या डाव्या चौकटीकडे एक पाऊल सरकली. जयवंत काशीरामकडेच बघत होता. त्याचा हात तिच्यामागोमाग सरकला.

तिनं आपलं बोट तोंडापर्यंत नेलं आणि दातांखाली धरून चावलं, लाज न बाळगता, दोघांच्या देखत. जोरानं चावलं. दुखलं नाही. वाळका देठ चावावा तसं लागलं.

काशीरामनं अजून काही पाहिलं नव्हतं. ती आणखी सरकली असती तर त्यानं पाहिलं असतं, साहेबाला सांगितलं असतं, की हा हात काही धड नाही, लेथवर असा माणूस नको. जयवंत पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला असता. तिनं ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि त्या बोटासमोर, अजिबात न हलता, उभी राहिली.

"वहिनी, कापा की आता कलिंगड," काशीराम म्हणाला.

"तुम्हीच कापा भाऊजी," ती म्हणाली. "मी इथं बरी आहे."